संशोधकाचे मोजमाप

रायपूर हे शहर तांदूळ, पोलाद आणि सिमेंट यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. खगोलशास्त्राशी त्याचे नाव सहसा जोडले जात नाही. तरीही तेथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भौतिकशास्त्राबरोबर खगोलभौतिकीचेही अध्ययन चालते. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे केंद्रही या विद्यापीठात आहे. ही संस्था उभारणारे डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांची कारकीर्द पाहिली, की एक प्रश्न उभा राहतो : संशोधकाचे मोठेपण कशाने मोजावे?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सोपे आहे. किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, ते मोजावे. नेमणूक आणि बढती यांसाठीही हीच गणती उपयोगी पडते. परंतु संख्या हे श्रमाचे माप आहे, विचाराचे नव्हे.

नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूर येथे झाला. वाराणसीत शिक्षण घेऊन ते १९५७ साली केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९६४ साली या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल हे 'स्थिर स्थिती' सिद्धांताच्या जनकांपैकी एक होते. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्यामुळे त्याचे स्वरूप बदलत नाही. त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही, असे हा सिद्धांत सांगतो. परंतु १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध झाला. महास्फोटाच्या कल्पनेला त्यामुळे मोठे बळ मिळाले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले.

नारळीकर गेले नाहीत. मात्र त्यांनी जुन्या मताला डोळे मिटून कवटाळलेही नाही. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली आणि त्या सूक्ष्मलहरींचे वेगळे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तेही पटले नाही.

मग हे श्रम वाया गेले काय? तसा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पुरावा विरोधात असताना मताला चिकटून राहणे हा हट्टही ठरू शकतो. परंतु हट्टी माणूस आणि मतभेद असणारा संशोधक यांत एक भेद आहे. हट्टी माणूस प्रश्न टाळतो. संशोधक आपले गणित सर्वांपुढे ठेवतो आणि चूक दाखवण्याची संधी विरोधकाला देतो. अशा विरोधामुळे प्रचलित सिद्धांतालाही आपले पुरावे पुन्हा तपासावे लागतात. ज्या शास्त्रात कोणी शंका घेत नाही, ते शास्त्र राहत नाही. ती पोथी होते.

दुसरे माप आणखी महत्त्वाचे आहे. १९७२ साली भारतात परतून नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आयुकाची स्थापना केली, तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. देशभरातील विद्यापीठांच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना ग्रंथालय, संगणक आणि तज्ज्ञांचा सहवास मिळावा, हा या संस्थेचा उद्देश होता. महानगरापासून दूर असलेल्या शिक्षकाला यामुळे संशोधनाचे दार उघडले. शिवाय नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न विचारा; उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शोधनिबंधांच्या यादीत रायपूरच्या विद्यार्थ्याने वापरलेले ग्रंथालय येत नाही. पोस्टकार्डावरचे उत्तरही येत नाही. म्हणून ती यादी अवश्य वाचावी, पण तेथेच थांबू नये. संशोधकाने स्वतः किती लिहिले, याबरोबरच त्याच्यामुळे किती जण विचार करू लागले, हेही विचारले पाहिजे.