हजेरीपट कोठे आहे?

बांधकाम कोसळल्याचा धुरळा खाली बसण्यापूर्वीच चहूकडून माणसे धावत येतात व ढिगाऱ्यावर चढून हाती लागेल ते उपसू लागतात. या धावून येण्यातील माणुसकीविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु ज्या ढिगाऱ्यावर आपण उभे राहतो त्याच्याच पोटातील एखाद्या पोकळीत कामगार श्वास घेत असतो आणि आपल्या भाराने ती पोकळी मिटू शकते, हे कटु सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

धारवाडच्या कुमारेश्वरनगरात 19 मार्च 2019 रोजी बांधकाम चालू असलेली इमारत पडली. 19 माणसे गेली. तथापि 22 मार्च रोजीही तेथून माणसे जिवंत निघाली. तीन दिवसांनी! मग पहिल्याच तासात जेसीबीचा दात घालण्याची घाई कशासाठी? अग्निशमन दलास वर्दी द्यावी, वीज तोडावी, उभ्या राहिलेल्या भिंती व परांची पडल्या तरी पोचणार नाहीत इतके लोकांना दूर न्यावे, अर्धवट स्लॅबखालच्या टेकूंना हात लावू नये. मग सर्व यंत्रे थांबवून हाक मारावी आणि कान द्यावा. तुळईखाली तासन् तास पाय चेचलेला माणूस दिसला, तरी आग वा दुसरी पडझड समोर नसेल तर डॉक्टर येण्यापूर्वी त्याला ओढू नये. दाब एकदम सुटताच चिरडलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये रक्तात उतरतात, आणि बोलता बोलता माणूस दगावतो.

याहून बिकट प्रश्न आत माणसे किती, हा. 4 जानेवारी 2014 रोजी गोव्यात काणकोण येथे अशीच अपुरी इमारत कोसळली, तेव्हा मृतांचा आकडा दिवसागणिक वाढत 31 वर गेला. शोध कोठवर चालवावा हे ठरविण्यास नोंदीइतका भक्कम आधार दुसरा नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर अशा नोंदी ठेवण्याचे बंधन घातले खरे. पण जो मजूर आज सकाळीच नाक्यावरून उचलला, ज्याची बायको तेथेच खडी वाहते व मूल वाळूवर निजते, त्यांची नावे त्या पुस्तकात चढतात काय? मजुरी वाटताना ज्या कंत्राटदाराला माणसे मोजता येतात, त्याला ढिगाऱ्यापुढे ती मोजता येऊ नयेत, हे आम्हांस पटत नाही.

रोजच्या हजेरीची एक प्रत बांधकामापासून दूर, रस्त्यालगतच्या पहारेकऱ्याच्या चौकीत ठेवावी, अशी आमची मागणी आहे. ती मुकादमाच्या खिशात असून भागत नाही. इमारत पडते त्या वेळी तोही आतच असू शकतो.