मुळासकट जुडी

रविवारचा बाजार मी सकाळीच आणि पायी करतो, हे या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊक आहे. मृगाची पहिली सर पडून गेल्यामुळे या रविवारी अवघे चंद्रपूर उल्हसित दिसत होते. मला मात्र उद्वेग झाला तो सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पाहून. एकूण एक जुडीची मुळे छाटलेली होती. विचारले, तर विक्रेती बाई सरळ म्हणाली, "मातीच्या मुळ्या कोणाले पायजे, बाबूजी? गिऱ्हाईकच कापून मागते." तिचा यात काडीइतकाही दोष नाही. मातीचा स्पर्श झालेली वस्तू ज्यांना अस्वच्छ वाटू लागली आहे, त्या आम्हा गिऱ्हाइकांचा आहे.

मुळासकट आणलेल्या सांबाराचा पाला खुडून बुडखे ओल्या मातीत रोवले, तर फुलावर येण्यापूर्वी ते आणखी एकदोन खुडण्या देतात. कांद्याच्या तळाची चकती हेच त्याचे खोड असल्यामुळे ती राखून पुरली की हिरवी पात फुटते. आले, हळद आणि बटाटा ही भूमिगत खोडेच असल्याने त्यांच्या डोळ्याडोळ्यात अंकुर असतो, आणि पुदिन्याच्या पेरास नुसत्या पाण्यातही मुळ्या सुटतात. गाजराच्या शेंड्यास मात्र पालाच येईल, दुसरे गाजर येणार नाही.

माझे काही सुशिक्षित स्नेही या उद्योगास काटकसरीचे खूळ समजतात. पैशाचा हिशेब मांडला तर बचत अल्पच आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु वनस्पतीचा प्राण तिच्या कोणत्या भागात वसतो हे ज्याला स्वहस्ते पाहावयास मिळाले, त्याची भाजीकडे पाहण्याची दृष्टीच पालटते, आणि हा लाभ पैशात मोजण्याजोगा नाही. आमच्याकडे घरोघरी सांदवाडी, म्हणजे परसबाग, होती, तेव्हा ही विद्या मुलांना वेगळी शिकवावी लागत नसे. मोरीचे पाणी धोप्याच्या (अळूच्या) आळ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जाई, उकिरड्यावर टाकलेल्या बियांतून कोहळ्याचा वेल आपोआप छपरावर चढे, आणि कोंब आलेले आले टाकून देण्याची कल्पनाही कोणा गृहिणीस शिवत नसे. आता घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत सिमेंट ओतले जाते, मोरीचे पाणी नालीत जाते, आणि वैशाखात पारा ४६ अंशांवर गेला की हेच सिमेंट रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते, तेव्हा उकाड्याची तक्रार आम्हीच करतो.

हे ज्ञान आमच्या मुलखात स्वयंपाकघरापुरते कधीच नव्हते. रानातला कंद खणणारा जाणता माणूस त्याचा वरचा डोळ्याचा भाग पुन्हा खड्ड्यात ठेवून वर माती लोटतो, तो पुढील पावसाळ्याची तजवीज म्हणूनच. बांबूचे बेटही याच न्यायाने जगते. जमिनीखालच्या कंदातून दर पावसाळ्यात नवा कोंभ निघतो, एका हंगामातच आपली पूर्ण उंची गाठतो आणि मग वर्षानुवर्षे केवळ जून होत जातो. यास्तव कोवळे बांबू राखून जून तेवढे, तेही बुडाचे पेर शाबूत ठेवून तोडावेत आणि कंदास हात लावू नये, हे बेटाशेजारी जन्म काढणाऱ्याला उपजतच कळते. असे असता काय तोडावे आणि काय राखावे याचा हुकूम दीर्घकाळ सरकारी दफ्तरातून सुटत राहिला, आणि ज्याला बेटाची नस ठाऊक त्याने परवान्यासाठी अर्ज करून तिष्ठत राहावे, असा दस्तूर पडला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तो मोडला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावास सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. तथापि तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडावयास एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तेही केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. हक्क कबूल करून त्याचा अंमल असा लांबणीवर टाकावा, हे मला आजही असह्य वाटते.

आता पाऊस स्थिरावला की बेटाबेटाच्या बुडाशी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वर येतील. त्यांतले भाजीसाठी किती काढावेत आणि वाढीसाठी किती सोडावेत, हे त्या बेटांत वावरणाऱ्या गावानेच ठरवावे. बाहेरच्या कोणत्याही कचेरीस तो अधिकार असावा, असे मला वाटत नाही.