पानांचा अर्क उंदराला लागू पडला, म्हणून आपली गोळी बंद?

सकाळी तळजाईला किंवा कमला नेहरू पार्काच्या बाहेर रस पिणाऱ्यांची गर्दी असते. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. पण 'शेवग्याच्या पानांनी कोलेस्टेरॉल बरं होतं, संशोधनात सिद्ध' असा मेसेज फिरतोय आणि तो वाचून माझ्या ओळखीतल्या दोघांनी रोजची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली. त्यातल्या एकाच्या अँजिओप्लास्टीला वर्षही झालेलं नाही. म्हणून लिहितोय.

संशोधन झालंय, हे खरंच आहे. शेवगा, कढीपत्ता, पेरू, कडुनिंब, सगळ्यांच्या पानांवर ढीगभर पेपर आहेत. पण त्यातल्या बहुतेकांत काय करतात? वाळवलेली पानं इथेनॉल नाहीतर मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात आणि तुपकट खाणं देऊन कोलेस्टेरॉल वाढवलेल्या उंदरांना काही आठवडे पाजतात. उंदराचं कोलेस्टेरॉल उतरतं. छान. पण आपण मिक्सरमध्ये फिरवतो तो रस म्हणजे तो अर्क नव्हे. शिवाय उंदराच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, आपला त्रास एलडीएलचा. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि छोट्या आहेत.

गुग्गुळाचं उदाहरण बघा. तो डिंक, पान नव्हे, पण धडा तोच. आधीच्या भारतीय अभ्यासांत त्याने कोलेस्टेरॉल कमी झाल्याचं दिसलं होतं आणि देशात त्याचं औषधही निघालं. मग 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, काहींना गुग्गुळ, काहींना नुसती खोटी गोळी. गुग्गुळवाल्यांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं. काहींना अंगावर पुरळही आलं.

आणि ज्या स्टॅटिनला आपण 'केमिकल' म्हणून नाकं मुरडतो ते आलं कुठून? बुरशीतून! अकिरा एन्दो या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरशी तपासल्या तेव्हा 1970च्या दशकात पहिलं स्टॅटिन हाती लागलं. म्हणजे निसर्गातून औषध येतंच, फक्त ते हजारो माणसांवर तपासून यावं लागतं. उद्या एखाद्या पानातून तसं काही निघालं तर पहिली बातमी मीच करीन.

पुण्यात हे काम का होऊ नये? आघारकर संस्था आहे, एनसीएल आहे, टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे, ससून आहे. वैद्य, रसायनतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ एका टेबलावर बसवून एका पानाची नीट मोठी चाचणी करा. तिची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये असेल, म्हणजे कुणालाही बघता येईल. उंदरांवरचा आणखी एक पेपर निघून फार काही हाती लागणार नाही.

तोवर विक्रेत्यांना मोकळं रान नको. 1954च्या जादूटोणा औषध जाहिरात कायद्याच्या यादीत हृदयविकार आणि धमन्या कडक होण्याचा आजार दोन्ही आहेत. ते बरे करतो अशी जाहिरातच करता येत नाही. फूड सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डब्यावर तर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. ते असतं मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. पुढे मोठ्ठं हृदय.

तुमच्या घरी असा डबा असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो कमेंटमध्ये टाका, लायसन्स नंबर दिसेल असे. आणि गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.