मोहरी शिसे ओढते, पण ती भाजी खायची नाही

नाल्याकाठची दूषित माती झाडे आणि जिवाणू वापरून साफ करता येते, असे हल्ली सांगितले जाते. ते खरे आहे. मोहरीच्या मुळांशी राहणारे बॅसिलस, स्यूडोमोनाससारखे काही जिवाणू आम्ल सोडतात. मातीला घट्ट चिकटलेले शिसे, कॅडमियम त्याने सुटे होते आणि मुळे ते ओढून घेतात. पण जिवाणू धातू खाऊन संपवत नाहीत. मातीतले शिसे झाडात येते, एवढेच. म्हणून ते पीक घातक कचरा समजूनच उचलावे लागते. शेळीला घालायचे नाही, चुलीत जाळायचे नाही. शिवाय एका हंगामात भागत नाही, वर्षे लागतात.

आपल्या बायाबापड्या नाल्याच्या पाण्यावरची स्वस्त पालेभाजी घेतात. धुतल्याने वरची माती जाते, पानात मुरलेले शिसे नाही. लेकरांच्या मेंदूला ते थोडेही बाधते, रक्तही कमी करते. आम्ही नर्सेस लोहाच्या गोळ्या देत राहतो. शिशाची तपासणी क्वचितच कोणी लिहून देते.

मोहरी लावायला आमची ना नाही. पण आधी कारखान्यांचे सांडपाणी थांबवा, आणि कापलेला पाला कोण, कुठे नेणार ते महापालिकेने लेखी द्यावे.