राजधानी कुठेही करा, पण शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळा

शेतकरी बंधूंनो, राजधानीचा वाद निघाला की आपण म्हणतो, तो शहरवाल्यांचा विषय, आपला काय संबंध? पण गावातल्या ऐंशी पार केलेल्या एखाद्या आजोबांना विचारून पहा. मराठवाड्याची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबाद होती. जमिनीचा मोठा दावा असो की वरच्या साहेबाची सही, वाट हैदराबादचीच. नंतर मुंबई आली अन् वाट आणखी लांबली. विदर्भाचं दुखणं वेगळं. तिथं नागपूर ही राजधानीच होती. ती गेली, आणि १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन तेवढं पदरात पडलं. तेव्हा राजधानी कुठं असावी हा प्रश्न गावापासून वाटतो तेवढा लांब नाही.

आज त्यावर लिहायचं कारण आंध्र प्रदेशाचं आहे. तिथल्या शेतकऱ्यानं या वादात जे सोसलं, ते आपण समजून घेतलं पाहिजे. उद्या आपल्या शिवारात मोजणीवाले आले तर तेच कामी येईल.

आंध्रात हा वाद जुनाच. किनारपट्टी आणि रायलसीमा यांच्या पुढाऱ्यांनी १९३७ साली श्रीबाग करार केला. राजधानी किंवा हायकोर्ट, दोहोंपैकी एक रायलसीमेला द्यायचं, असं त्यात ठरलं. १९५३ साली आंध्र राज्य झालं तेव्हा कर्नूल राजधानी झाली. तीनच वर्षांत, १९५६ ला, ती हैदराबादला गेली. साठ वर्षं सगळा पैसा, कारखाने, कचेऱ्या हैदराबादेत गोळा झाल्या. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं आणि हैदराबाद त्यांच्याकडे गेलं. आंध्राला दहा वर्षांपुरती सामाईक राजधानी म्हणून तिथं जागा मिळाली. ती मुदत २ जून २०२४ ला संपली. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवली की काय होतं, हे आंध्रवाल्यांना तेव्हा कळलं.

आता नवी राजधानी कुठं? २०१४ च्या कायद्यात नवी राजधानी होईल एवढंच लिहिलं होतं, गावाचं नाव नव्हतं. केंद्रानं नेमलेल्या शिवरामकृष्णन समितीनं बजावलं होतं की, विजयवाडा-गुंटूर पट्ट्यातल्या कसदार जमिनीवर मोठं शहर उभं करू नका, कचेऱ्या राज्यभर वाटा. पण चंद्राबाबू नायडूंच्या सरकारनं कृष्णा नदीकाठची तीच जागा निवडली आणि तिला अमरावती नाव दिलं. (आपल्या विदर्भातली अमरावती वेगळी.)

जमीन घेण्याची तऱ्हा नवी होती. पैसे देऊन खरेदी नाही, लँड पूलिंग. सुमारे २९ गावांतल्या २८ हजारांवर शेतकऱ्यांनी जवळपास ३४ हजार एकर जमीन सरकारच्या हवाली केली. त्यात बारमाही पाण्याच्या, भाजीपाल्याच्या अन् केळीच्या जमिनी होत्या. बदल्यात काय? कोरडवाहू एकराला वर्षाला ३० हजार, बागायती एकराला ५० हजार रुपये, त्यात दरसाल थोडी वाढ, असं दहा वर्षं. शिवाय नव्या शहरात विकसित प्लॉट. आपल्या हिशेबानं, ४० गुंठे देऊन सुमारे दहा ते बारा गुंठे परत. प्लॉटची किंमत तेव्हाच, जेव्हा तिथं खरंच राजधानी उभी राहील. म्हणजे शेतकऱ्यानं जमीन दिली ती सरकारच्या शब्दावर.

२२ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. २०१९ ला सरकार बदललं आणि १७ डिसेंबरला नवे मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डी यांनी विधानसभेत तीन राजधान्यांची कल्पना मांडली. कारभार विशाखापट्टणमला, हायकोर्ट कर्नूलला, विधानसभा तेवढी अमरावतीत. २०२० साली तसा कायदाही झाला.

आता वाचकहो, न्यायानं बोलू. विशाखापट्टणमची बाजू खोटी नव्हती. तयार शहर आहे, बंदर आहे, नव्यानं करोडो ओतायला नकोत. कर्नूलची बाजू तर त्याहून सच्ची. आपल्याकडं १९८१ ला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ झालं तेव्हा आपल्या किती खेपा वाचल्या ते आठवा. कोर्ट जवळ मागणाऱ्या रायलसीमेच्या माणसाला आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? २०१४ साली आम्हाला कुणी विचारलं असतं, तर आम्हीही म्हटलं असतं, बागायती सोडा, माळरान शोधा.

पण ही चर्चा जमीन घेण्याआधी करायची असते. नांगर मोडून पाच वर्षं झाल्यावर नव्हे. शेतं गेली, बांध गेले, विहिरी बुजल्या. त्या जमिनी परत देतो म्हटलं तरी पुन्हा पिकवणार कोण? त्यामुळं अमरावतीच राजधानी राहिली पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती जागा सगळ्यांत चांगली म्हणून नव्हे. तिथल्या शेतकऱ्यानं भाकरीची जमीन दिली म्हणून. रायलसीमेला जे द्यायचं ते जरूर द्या, पण ते अमरावतीच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढून नको.

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. बायाबापड्या साडेचार वर्षं मांडवात बसल्या. वार्षिक रकमेसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते तिरुपतीपर्यंत पायी गेले. त्याच नोव्हेंबरात सरकारनं तीन राजधान्यांचा कायदा मागं घेतला. ३ मार्च २०२२ ला हायकोर्टानं निकाल दिला की, शेतकऱ्यांशी केलेला करार सरकारवर बंधनकारक आहे. तरी काम ठप्पच राहिलं. २०२४ ला पुन्हा सरकार बदललं, २ मे २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते काम पुन्हा सुरू झालं. पण पाच वर्षं गेली ती गेलीच. ज्याला त्या प्लॉटवर मुलीचं लग्न करायचं होतं, त्यानं काय करायचं?

आता आपल्याकडं या. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासाठी २०१६ साली आपल्या शेतकऱ्यांसमोरही आधी लँड पूलिंगच ठेवलं होतं. गावोगावी विरोध झाला, तेव्हा थेट खरेदीचा मार्ग निघाला. विरोध केला ते अडाणी होते, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना अमरावती दाखवा.

म्हणून चार गोष्टी सांगतो. योजना राजधानीची असो, रस्त्याची असो की औद्योगिक वसाहतीची, ग्रामसभेचा ठराव सगळ्या अटींसकट लिहून घ्या. सरकार बदललं तर काय, काम पाच वर्षं रखडलं तर काय, हे कलम करारात असलंच पाहिजे. ते नसेल तर सही करू नका. बटाईदार अन् मजुरांची यादी सुरुवातीलाच करा. अमरावतीत भूमिहीनाला सुरुवातीला महिना २,५०० रुपये मिळाले, पण त्यासाठी त्याचं नाव यादीत लागत होतं. आणि तलाठी, ग्रामसेवक बंधूंनो, वरून आलेला कागद नुसता वाचून दाखवू नका, समजावून सांगा. उद्या वाद निघाला तर साहेब बदलून गेलेला असतो, लोक तुमच्याच दारात येतात.

राजधानी कोणत्या शहरात, हे पुढारी ठरवतील. जमीन कोणत्या अटीवर, हे मात्र आपण ठरवायचं. करारावर सही झाली की त्याची नक्कल मागून घ्या आणि सात-बाऱ्यासोबत घरात जपून ठेवा.