पात्र

परवा आमच्याकडे अप्प्यांचा बेत होता. सूनबाईंनी नातवाला ओट्याखालचं अप्पेपात्र काढून द्यायला सांगितलं. त्याने ते दिलं आणि मला विचारलं, "आजोबा, काल बातम्यांत म्हणाले, नदीच्या पात्रात दोन जेसीबी पकडले. हे पात्र आणि ते पात्र एकच का?"

मी मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खोड जात नाही. म्हटलं, एकच रे बाबा! आणि तिथून जे डोक्यात सुरू झालं ते आज इथे लिहून काढतो आहे.

'पात्र' हा शब्द 'पा' म्हणजे पिणे या धातूपासून आला. ज्याने प्यायचं ते पात्र. मग ज्यात काहीही ठेवायचं, वाढायचं ते पात्र. पूजेतली पंचपात्री, द्रौपदीचं अक्षयपात्र, संन्याशाचं भिक्षापात्र, आणि आता इडलीपात्र. भांडं जसं काही धारण करतं तसा माणूसही करतो, म्हणून नाटकात भूमिका धारण करणारं ते पात्र. ज्याच्यात दिलेलं टिकेल तोही पात्र. गीतेच्या 17 व्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश आणि काळ यांच्या बरोबरीने पात्रही पाहायला सांगितलं आहे. सत्पात्री दान हा शब्द आपण आजही वापरतो. (आणि एखाद्या वल्लीला "काय पात्र आहे!" म्हणतो ते वेगळंच.)

आता नदी. अमरकोशात नदीच्या दोन तीरांमध्ये जे अंतर असतं त्याला पात्र म्हटलं आहे. नीट वाचा, दोन तीरांमधलं अंतर! त्यात आज पाणी आहे की नाही ही अट नाही. उन्हाळ्यात नदी एका कडेने ओहोळासारखी वाहत असली तरी उरलेला वाळूचा पट्टा हे नदीचं पात्रच असतं. वाटी रिकामी असली म्हणून ती वाटी नाही असं कोणी म्हणतं का?

पण आपण नेमकं तेच म्हणतो. माझं भांडण इथे आहे.

आज 'पात्र' हा शब्द मुख्यतः दोन ठिकाणी ऐकू येतो. एक, सरकारी याद्यांमध्ये. अमुक योजनेला अमुक इतके अर्ज पात्र, इतके अपात्र. दोन, नदीपात्रातला रस्ता, नदीपात्रातलं वाहनतळ, नदीपात्रातली वाळू. म्हणजे ज्या शब्दात धारण करणं होतं त्याचा अर्थ आता 'मोकळी पडलेली जागा' एवढाच उरला. मोकळी जागा दिसली की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, भरणं किंवा खणणं. काठावर राडारोडा टाकून भरायचं आणि मधून वाळू उपसून खणायचं.

25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी भरलं. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. सगळीकडे एकच वाक्य, "नदी घरात शिरली." अहो, नदी कुठे शिरली? ती तिच्या ताटावर जेवायला बसली. आपण आधीच तिथे पाट मांडून बसलो होतो. पाटबंधारे खातं निळी रेषा आखतं ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. माझ्या मते या रेषा म्हणजे ताटाचे काठ आहेत. त्या पुसट करायच्या, सरकवायच्या, आणि मग पावसाला दोष द्यायचा! पाऊस जास्त पडतो हे खरं, धरणातून पाणी सोडण्याची सूचना वेळेवर मिळायला हवी हेही खरं. पण काठ छाटलेल्या ताटात नेहमीचं वाढलं तरी सांडणारच. आणि हाल होतात ते बांधकामाला परवानगी देणाऱ्याचे नाहीत, आयुष्यभराची पुंजी घालून तिथे खोली घेणाऱ्याचे होतात.

खणण्याचं तर विचारूच नका. वाळू म्हणजे नुसतं बांधकामाचं सामान नव्हे. तिच्या कणांमध्ये पाणी थांबतं, काठच्या विहिरींत झिरपतं. वाळू उपसली की पात्र खोल जातं आणि त्याबरोबर विहिरींचं पाणीही खाली जातं. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं. तरी रात्री सक्शन पंप चालतात ते चालतातच. आमच्या गावाकडे लहानपणी आम्ही नदीच्या वाळूत हाताने झरा उकरायचो आणि वाटीने पाणी प्यायचो. आता तिथे खाली खडक दिसतो.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचं घर काय हवेत बांधलंय? बरोबर आहे. माझ्या घराला त्याच नदीची वाळू लागली. ट्रक आला तेव्हा मी फक्त वाळूत माती किती आहे ते चाळून पाहिलं. कुठून आणली हे विचारलं नाही. त्यामुळे मी हे वरच्या पायरीवर उभा राहून लिहीत नाही. पण तेव्हा दुसरा पर्याय सहज मिळत नव्हता. आज दगड दळून केलेली कृत्रिम वाळू मिळते. तिलाही डोंगर फोडावा लागतो, हे मान्य. पण निदान नदी राहते. "घरं बांधायची नाहीत का?" हा प्रश्न आता पुरेसा नाही.

आणखी एक चूक कबूल करतो. वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं : पात्र म्हणजे भांडे, लायक, नाटकातील व्यक्ती, नदीचा प्रवाहमार्ग. चार अर्थ, चार गुण. मुलांनी पाठ केले. पण हे चार अर्थ नाहीत, एकच आहे, हे मी कधी सांगितलं नाही. त्यातलीच काही मुलं पुढे अभियंते झाली, काही नगरसेवक.

नातवाला एवढंच सांगितलं की पात्र म्हणजे ज्याला काठ असतात ते. काठ राहिले नाहीत तर अप्पे होत नाहीत, नदीही होत नाही. त्याला पटलं. तो तिसरीत आहे.

सरकारी याद्यांत मी ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलतीला पात्र आहे. नदीच्या यादीत आपल्यापैकी कोण पात्र ठरेल, मला शंका आहे.

असो. अप्पे मात्र छान झाले होते.