आधी चिप विचारा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून चांगली चालती मशीन घेऊन गिऱ्हाइकं आपल्याकडे येत आहेत आणि 'लिनक्स टाकून द्या' म्हणत आहेत. यातली बरीच मंडळी लिनक्स पहिल्यांदाच बघणार आहेत. डेस्कटॉप किती देखणा आहे यावर त्यांचं मत ठरणार नाही. घरी गेल्यावर वायफाय लागलं का, जुन्या प्रिंटरवर कागद निघाला का, यावर ते ठरेल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी लिनक्स शिकायला घेतलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारा इंटर्नल मोडेम बहुधा 'विनमोडेम' निघायचा. सिग्नलचं गणित करणारी चिप त्यात नसेच. ते काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेई. लिनक्सला कार्ड दिसे, पण नंबर फिरत नसे. ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेट हवं आणि इंटरनेटला तोच मोडेम हवा! सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम महाग पडे, पण बिनतक्रार चाले, कारण त्याचं डोकं त्याच्याजवळ होतं. स्क्रीनवर चित्र आणायलाही मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या फ्रीक्वेन्सी शोधून फाइलमध्ये हाताने लिहाव्या लागत. आकडे चुकले तर जुना मॉनिटर बिघडण्याचाही धोका असे.

त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही; त्या त्रासापायी कितीतरी हुशार पोरांनी लिनक्स सोडलं. पण जे टिकले ते एक गोष्ट कायमची शिकले: खोक्यावरच्या नावाला भुलायचं नाही, आत चिप कोणाची ते बघायचं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वायफायची कार्डं वेगळी असू शकतात.

आज बहुतेक हार्डवेअर आपोआप ओळखलं जातं. २००० साली आलेल्या नॉपिक्सने सीडीवरून थेट चालणारं, हार्डवेअर स्वतः हुडकणारं लिनक्स दाखवलं. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून तर मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. तरी घोडं अडतं ते कुठे, ते एका उदाहरणात बघा. जुन्या लॅपटॉपवर वायफाय दिसत नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' दिलं की नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत शेवटी १४ई४:४३१५ दिसतं. पहिला भाग कंपनीचा, म्हणजे ब्रॉडकॉमचा; दुसरा चिपचा, बीसीएम४३१२ चा. मग 'डीमेसेज' उघडा. बी४३ ड्रायव्हर हजर आहे, पण यूकोड१५ नावाची फर्मवेअरची फाइल सापडत नाही, अशी ओळ तिथे मिळते. म्हणजे ड्रायव्हर शाबूत आहे, कार्डात चढवायचं फर्मवेअर तेवढं नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि बी४३ चं फर्मवेअर पॅकेज टाका. हा फरक न कळणारा मेकॅनिक दोनदा फॉरमॅट मारतो आणि शेवटी 'लिनक्सला सपोर्ट नाही' म्हणून मोकळा होतो.

शिकवणाऱ्यांकडून आमची मोठी अपेक्षा आहे. अनेक क्लासमध्ये 'एलएस', 'सीडी', 'सीएचमॉड' घोटवण्यात आठवडे जातात आणि समोरच्या मशीनमध्ये काय बसवलंय हे विद्यार्थ्याला कोर्स संपला तरी माहीत नसतं. हा क्रम उलटा आहे. पहिल्या तासाला विद्यार्थ्याने स्वतःच्या मशीनची यादी काढावी, कुठल्या चिपला कर्नलचं कुठलं मॉड्यूल लागलंय ते 'एलएसपीसीआय -के'ने बघावं. कमांड लाइन कशासाठी शिकायची, हे मग त्याला सांगावं लागत नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांना एवढीच विनंती: गिऱ्हाइकाची डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं तपासा. गिऱ्हाइकाला प्रिंटर सोबत आणायला सांगा. जे चालणार नाही ते पैसे घेण्याआधीच सांगा. आणि प्रत्येक मशीनचा आयडी, कर्नलची आवृत्ती, काय चाललं, काय अडलं, हे वहीत उतरवून ठेवा. पुढचं तसलं मशीन आलं की ती वही दुकानातल्या नव्या पोराच्या हातात द्या.